करारपूर्तीचा दावा फेटाळला. अपिलात नेमकं काय मांडायचं?

मृगधारा

नमस्कार. इथे वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा सविस्तर सांगते.

२०१६ साली वडिलांनी एक शेतजमीन घेण्यासाठी नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) केलं. ठरलेल्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा चेकने विसार दिला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) होता. तो उतरवायचा, सरकारी मोजणी करून हद्दी कायम करून द्यायच्या आणि त्यानंतर तीन महिन्यांत उरलेली रक्कम घेऊन खरेदीखत करून द्यायचं, असं साठेखतात लिहिलेलं आहे. विक्रेत्याने बोजा उतरवला नाही आणि मोजणीही केली नाही. प्रत्येक वेळी 'पेरणी होऊ द्या', 'काढणी होऊ द्या' असं चाललं. २०१८ मध्ये वडिलांनी वकिलामार्फत नोटीस दिली. उत्तर आलं की मुदत संपली, विसार जप्त केला. मग २०१९ मध्ये वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा, म्हणजे खरेदीखत करून मिळण्याचा, दावा लावला.

आता निकाल आलाय. साठेखत सिद्ध झालं, विसार दिल्याचं सिद्ध झालं, तरी दावा फेटाळला. कारण एकच: 'वादी करार पूर्ण करण्यास सतत तयार व इच्छुक होता हे वादीने सिद्ध केलेले नाही.' परिच्छेद २३ मध्ये लिहिलंय की उरलेल्या रकमेची तरतूद दाखवणारा बँकेचा एकही कागद वादीने हजर केला नाही. विसार परत देण्याचा आदेशही नाही, कारण आमच्या वादपत्रात ती मागणीच नव्हती.

वडील ७४ वर्षांचे आहेत. निकाल ऐकल्यापासून फारसं बोलत नाहीत. वकील म्हणतात जिल्हा न्यायालयात अपील करू. पण निकालाला आज ३८ दिवस झाले आणि अपिलाची मुदत ३० दिवसांची असते असं वाचलं. वेळ गेली का? आणि जे कोर्ट एकदा 'नाही' म्हणालं, त्याच्या वरच्या कोर्टापुढे नवीन काय सांगायचं?

वायदेपत्र

मुदत संपलीय ताई. आता विलंब माफीचा अर्ज सोबत जोडूनच अपील दाखल करावं लागेल. लवकर करा.

निवृत्त_अधीक्षक

थांबा, घाबरू नका. जिल्हा न्यायालयाच्या अपील विभागात माझी नोकरी गेली. ही गल्लत दर आठवड्याला बघायचो, त्यामुळे नीट सांगतो.

१९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११६ प्रमाणे उच्च न्यायालयात पहिलं अपील असेल तर ९० दिवस, इतर न्यायालयात असेल तर ३० दिवस. पण कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस मोजायचा नाही आणि नक्कल मिळवायला लागलेला काळही वगळायचा. तुमच्या प्रमाणित नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्का असेल. त्यावर अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि नक्कल दिल्याची तारीख अशा नोंदी असतील. त्या इथे लिहा. तारखा नकोत, निकालापासून कितवा दिवस एवढंच सांगा.

मृगधारा

काका, शिक्का सापडला. अर्ज पाचव्या दिवशी. तयार बाविसाव्या दिवशी. आम्ही नेली सत्ताविसाव्या दिवशी, कारण मध्ये वडील आजारी होते.

निवृत्त_अधीक्षक

पाचवा ते बाविसावा, दोन्ही धरून १८ दिवस वगळले. ३० अधिक १८ म्हणजे अठ्ठेचाळिसावा दिवस तुमचा शेवटचा. आज अडतिसावा आहे. दहा दिवस हातात आहेत आणि विलंब माफीची गरज नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. तयार होऊन पडलेली नक्कल तुम्ही पाच दिवस उशिरा नेलीत, ते पाच दिवस तुमच्या खात्यावर. पुष्कळजण 'दिली' या तारखेपर्यंत वगळतात आणि शेवटच्या दिवशी फसतात. तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या दिवसाची वाट बघू नका. ऑफिस ऑब्जेक्शन (दाखल कागदांत कार्यालयाने काढलेली त्रुटी) निघालं तर ते पूर्ण करायलाही चार दिवस लागतात.

वायदेपत्र

माझं चुकलं, माफ करा. नक्कलेचे दिवस मी धरलेच नव्हते.

काळा_कोट

दिवाणी बाजूला काम करतो. ताई, तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. 'नवीन काय सांगायचं?' याचं उत्तर असं की बहुतेक वेळा नवीन काहीच सांगायचं नसतं. जे रेकॉर्डवर आहे आणि खालच्या कोर्टाने वाचलं नाही किंवा चुकीचं वाचलं, ते पानासकट दाखवायचं असतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालचं पहिलं अपील हा फार मोठा हक्क आहे. त्यात घटना आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासता येतात. संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की पहिल्या अपील न्यायालयाने सगळे मुद्दे आणि पुरावा स्वतः डोळ्यांखालून घालून सकारण निर्णय द्यायला हवा. इथे हरलात तर पुढे कलम १०० चं दुसरं अपील उरतं आणि तिथे फक्त कायद्याचा सारभूत प्रश्न चालतो. 'साक्षीदार खरं बोलत होता की खोटं' हे तिथे कोणी ऐकत नाही. म्हणून घटनेबद्दल जे काही म्हणायचं आहे ते याच पायरीवर, पूर्ण ताकदीने.

आता तुमचा निकाल. परिच्छेद २३ हाच सगळ्या निकालाचा खांब दिसतो. मला दोन गोष्टी हव्यात. विक्रेत्याची उलटतपासणी आणि वडिलांची उलटतपासणी, दोन्हींतली बोजा, मोजणी आणि पैसे यांबद्दलची वाक्यं जशीच्या तशी द्या. नावं, गाव, गट नंबर काही लिहू नका. वादपत्रात 'वादी तयार व इच्छुक होता आणि आहे' असं कथन आहे का, तेही बघा.

ओढ्याकाठी

माझं म्हणणं कदाचित आवडणार नाही, पण लिहितो. आमचं घर विक्रेत्याच्या बाजूला होतं. आईच्या आजारपणात जमीन काढली. खरेदीदाराने थोडा विसार देऊन साठेखत करून घेतलं आणि अडीच वर्षं फिरकला नाही. भाव चढले तेव्हा नोटीस घेऊन आला. ज्या कामासाठी जमीन विकायला काढली ते काम कर्ज काढून करावं लागलं. आमच्या बाबतीत कोर्टाने तयारी आणि इच्छा तपासली म्हणून आम्ही वाचलो. ही अट खरेदीदाराला छळायला नाही, आमच्यासारख्यांना वाचवायला आहे. ताईंच्या वडिलांचं तसं असेल असं मी म्हणत नाही. पण २०१६ ते २०१८ या दोन वर्षांत त्यांनी काय केलं, हा प्रश्न वरचं कोर्टही विचारेल.

काळा_कोट

@ओढ्याकाठी, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि अपिलात समोरचा वकील हाच मांडणार. नुसते भाव वाढले म्हणून करारपूर्ती नाकारू नये असं सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय, पण खरेदीदार गप्प बसून भाव वाढायची वाट बघत होता असं दिसलं तर तीच भाववाढ त्याच्याविरुद्ध जाते. स्थावर मालमत्तेच्या करारात वेळ हा गाभा नाही, म्हणजे नुसती मुदत चुकली म्हणून करार संपत नाही, असं सर्वसाधारणपणे मानतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ते मांडलं, पण त्याच निकालात हेही आहे की कराराच्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून वेळ गाभ्याची ठरू शकते. म्हणून ताई, त्या दोन वर्षांतला एखादा कागद रेकॉर्डवर आहे का तेही शोधा. रजिस्टर्ड पत्र, सोसायटीकडे केलेली चौकशी, काहीही.

मृगधारा

काल रात्रभर जुन्या वकिलांच्या फाइलमधली पानं वाचली. खरं सांगते, सात वर्षांत मी हे कधी वाचलंच नव्हतं. तारखेला जायचं आणि परत यायचं, एवढंच आम्हाला माहीत.

वादपत्राच्या नवव्या परिच्छेदात तयारी आणि इच्छेचं कथन आहे.

विक्रेता, निशाणी (कोर्टाने पुराव्याला दिलेला क्रमांक) ४७, उलटतपास: 'हे म्हणणे खरे आहे की, सोसायटीचा बोजा आजही सातबारा उताऱ्यावर आहे. हे म्हणणे खरे आहे की, मी मोजणीसाठी अर्ज केला नाही अगर फी भरली नाही.'

निकालात या दोन वाक्यांचा उल्लेख कुठेही नाही. तीन वेळा शोधलं.

वडील, निशाणी १९, उलटतपास: 'उरलेली रक्कम माझ्या बँक खात्यात जमा नव्हती हे म्हणणे खरे आहे. मी माझी दुसरी जमीन विकून ती रक्कम देणार होतो.' हे वाचून पोटात गोळा आला. वडिलांनी खरं तेच सांगितलं आणि त्यावरच दावा गेला.

२०१७ चं एक रजिस्टर्ड पत्र आहे, निशाणी २६. त्यात वडिलांनी लिहिलंय, 'बोजा उतरवून मोजणीची तारीख कळवावी, मी रकमेची व्यवस्था करीत आहे.' पोच पावती निशाणी २७.

गटनंबर

निशाणी २६ आणि २७ निकालात कुठे आल्यात?

मृगधारा

कागदपत्रांच्या यादीत. कारणमीमांसेत नाहीत.

काळा_कोट

ताई, तुमचं अपील याच पानांत आहे.

पहिलं. साठेखतात क्रम दिलाय. आधी बोजा, मग मोजणी, त्यानंतर तीन महिन्यांत पैसे. विक्रेत्याने पहिली दोन कामं केली नाहीत हे त्याने स्वतः कबूल केलं. मग तीन महिने सुरूच झाले नाहीत. जे पैसे द्यायची वेळच आली नाही, ते खात्यात का नव्हते असा प्रश्न खालच्या कोर्टाने विचारलाय. ही कबुली वाचलीच नाही, हा अपिलाचा पहिला आधार.

दुसरं. विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३, कलम १६ (क) खालचं स्पष्टीकरण. करारात पैसे द्यायचे असतील तर कोर्टाने आदेश दिल्याशिवाय वादीने ते प्रत्यक्ष पुढे करणं किंवा कोर्टात भरणं आवश्यक नाही. तयारी म्हणजे पैसे उभे करण्याची ऐपत, आणि इच्छा म्हणजे वागणूक. इच्छा निशाणी २६ मधून दिसते. ऐपतीचा पुरावा कमकुवत आहे, हे मी लपवणार नाही. 'दुसरी जमीन विकून देणार होतो' हे वाक्य नुसतं उभं राहणार नाही, त्यामागे ती दुसरी जमीन दिसायला हवी. वडिलांच्या नावचा आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) किंवा सातबारा दाव्यात कुठे लागलाय का?

साठेखत २०१६ चं आहे, त्यामुळे १ ऑक्टोबर २०१८ ला लागू झालेल्या दुरुस्तीवर सगळी इमारत बांधू नका. जुन्या कायद्यात करारपूर्तीचा आदेश देणं कोर्टाच्या विवेकावर होतं, असं धरूनच युक्तिवाद तयार ठेवा. तयारी आणि इच्छा तर दोन्ही कायद्यांत लागते.

मृगधारा

निशाणी ३१, आठ-अ चा उतारा! वडील शेतकरी आहेत हे दाखवायला लावला होता. विक्रेत्याने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) 'वादी शेतकरी नाही' असं म्हटलं होतं म्हणून. त्यात तीन गट आहेत, आणि त्यांतला मोठा गट या जमिनीच्या दुपटीहून जास्त आहे.

काळा_कोट

मग तोच कागद आता ऐपतीसाठी वाचा. कुळकायद्याच्या कलम ६३ चा (शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हा) अडथळा दूर करायला लावलेला पुरावा दुसऱ्या मुद्द्यासाठी वाचायला कोणाची मनाई नाही. अपिलाच्या आधारांत स्पष्ट लिहा: निशाणी १९ मधलं विधान निशाणी ३१ सोबत वाचलं तर वादीची ऐपत दिसते, खालच्या कोर्टाने दोन्ही वेगवेगळी पाहिली.

कोर्टपायरी

बँकेची स्टेटमेंट आता अपिलात देता येतील ना? नवीन पुरावा म्हणून?

काळा_कोट

दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ४१ नियम २७. दार आहे, पण अरुंद. खालच्या कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला, किंवा पुरेशी खबरदारी घेऊनही तो तेव्हा देता आला नाही, किंवा निर्णयासाठी अपील कोर्टालाच तो हवासा वाटला, तरच. स्वतःच्या बँकेचं स्टेटमेंट तेव्हा मिळत नव्हतं असं कोण मानेल? 'वकील विसरले' हे कारण चालत नाही. अर्ज करायचाच असेल तर तिसऱ्या कारणावर करा, पण अपील त्यावर टांगू नका.

त्यापेक्षा विसाराकडे बघा. विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विसार परत मिळण्याची मागणी वादपत्रात असावी लागते, नसेल तर कोर्ट ती देत नाही. पण त्याच कलमाच्या परंतुकात (अपवादाच्या तरतुदीत) आहे की अशी मागणी घालण्यासाठी वादपत्र दुरुस्त करायची परवानगी कोर्ट कार्यवाहीच्या कोणत्याही टप्प्यावर देईल. अपील हा दाव्याचाच पुढचा भाग. तेव्हा अपिलासोबतच दुरुस्तीचा अर्ज लावा: मुख्य मागणी करारपूर्ती, पर्यायी मागणी विसार व्याजासह परत. वडिलांच्या वयाकडे पाहता ही पर्यायी मागणी नसणं मला सर्वांत जास्त टोचतंय. तुमच्या जुन्या वकिलांना दोष देत बसू नका, आता ती घाला.

ओढ्याकाठी

हे मात्र व्हायलाच हवं. आम्ही जिंकलो तरी त्याचा विसार परत केला होता. कोर्टाने सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं होतं.

वायदेपत्र

आणि निकालाला स्थगिती मागायला विसरू नका. नुसतं अपील केलं म्हणून स्थगिती मिळत नाही, आदेश ४१ नियम ५.

निवृत्त_अधीक्षक

नियम बरोबर, पण इथे तो उपयोगी नाही. दावा फेटाळलाय. त्या हुकूमनाम्यात अंमलात आणण्यासारखं काही नाही, मग स्थगिती कशाला देणार? विक्रेत्याविरुद्ध हुकूमनामा झाला असता तर त्याने दरखास्तीला (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला) स्थगिती मागितली असती. यांना हवाय तो मनाई हुकूम: अपील चालू असेपर्यंत जमीन विकू नये, गहाण ठेवू नये, बोजा चढवू नये. त्याचा अर्ज वेगळा, अपिलाबरोबरच.

ताई, दाव्यात असताना मनाई होती का? आणि लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवली होती का?

मृगधारा

मनाई होती, दावा फेटाळल्याबरोबर संपली. लिस पेंडन्स म्हणजे काय तेच माहीत नाही.

निवृत्त_अधीक्षक

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५२. दावा चालू असताना जमीन विकली तर घेणारा दाव्याच्या निकालाला बांधला जातो. पण आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवलेली असावी लागते, तरच हे संरक्षण पूर्णपणे मिळतं. इतर राज्यांतली पुस्तकं वाचून पुष्कळांना वाटतं की आपोआप मिळतं. आजच वकिलांना सांगा. मनाई हुकुमाच्या तारखेची वाट न बघता हे काम करता येतं. विक्रेता या मधल्या दिवसांत खरेदीखत करून मोकळा झाला, तर पुढची लढाई तिसऱ्या माणसाशी, आणि तो 'मला काही माहीत नव्हतं, मी पूर्ण पैसे मोजले' म्हणून उभा राहील.

कोर्टपायरी

माझा अनुभव सांगतो, उपयोग होईल. आमचं अपील सहा वर्षं पडून होतं. मधल्या काळात समोरचे गृहस्थ वारले. आम्हाला कळलं, अंत्यविधीलाही गेलो होतो. पण त्यांचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात हे कोणी सांगितलं नाही. अपील रद्दबातल झालं. पुढच्या ६० दिवसांत ते उठवायचा अर्ज करता येतो, ते कळेपर्यंत दोन वर्षं गेली होती. विलंब माफीसाठी जे झगडावं लागलं त्यात मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. मृगधारा, तुमच्या वडिलांचं वय बघून सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही बाजूंच्या माणसांची खबर ठेवा.

मृगधारा

वाईट कसलं, दादा. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

गटनंबर

लोकन्यायालयात तडजोडीचा विचार? तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. विसार व्याजासह मिळणार असेल तर वडिलांना विचारून बघा. पण आधी अपील दाखल होऊ द्या. मुदत निघून गेली तर तडजोडीला समोरचा येईल कशाला?

मृगधारा

कळवायचं राहिलं होतं. त्रेचाळिसाव्या दिवशी अपील दाखल झालं. सोबत मनाईचा अर्ज आणि कलम २२ खालचा दुरुस्ती अर्ज. उरलेली रक्कम कोर्ट सांगेल त्या दिवशी भरायची तयारी असल्याचं वडिलांचं प्रतिज्ञापत्रही जोडलं. पंचेचाळिसाव्या दिवशी ऑब्जेक्शन निघालं: एका पानावर क्रमांक नाही आणि दुरुस्ती अर्जाला प्रतिज्ञापत्र नाही. त्याच दिवशी पूर्ण केलं. काका, तुमचे ते चार दिवस आठवले. लिस पेंडन्सची नोटीसही नोंदवली.

आधारांत पहिल्याच क्रमांकावर निशाणी ४७ ची ती दोन वाक्यं आहेत. मसुदा वडिलांना वाचून दाखवला. निशाणी १९ चा भाग आला तेव्हा म्हणाले, 'मी खोटं बोललो असतो तर जिंकलो असतो का?' मी निशाणी ३१ समोर ठेवली आणि म्हटलं, तुम्ही खरं बोललात त्याचा हा कागद आहे. मग बराच वेळ तो उतारा बघत बसले आणि कुठल्या गटात कधी काय पेरलं होतं ते सांगायला लागले.

मनाईच्या अर्जावर समोरच्याला नोटीस निघाली आहे. तोवर 'जैसे थे' चा आदेश मिळाला.

काळा_कोट

छान झालं. नोटीस बजावणीचा अहवाल दर तारखेच्या आधी नाझरकडे (कोर्टाच्या नोटिसा बजावणाऱ्या विभागाकडे) बघा. नोटीस 'घर बंद' शेऱ्याने परत आली तर लगेच नवीन पत्ता द्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड अपील कोर्टात आलंय का ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदींत) तपासा. युक्तिवादाच्या दिवशी निशाणी ४७ जज्जसाहेबांच्या टेबलावर हवी.

मृगधारा

उद्याच जाते.